आधी हाक, मग हात

१

आमच्या वृद्धाश्रमात अपघाताची एक वही आहे. ती लिहायचं काम माझं. कोण पडलं, कुठे पडलं, किती वाजता, कशामुळे. मार्च महिन्यात त्या वहीत चार नोंदी झाल्या आणि चारही आमच्या कामवाल्या बायकांच्या. म्हातारी माणसं एकदाही पडली नाहीत, त्यांना सांभाळणाऱ्या पडल्या. सगळ्या एकाच जागी, बायकांच्या हॉलपासून न्हाणीकडे जाणाऱ्या बोळात, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान. आणि कारण विचारलं की चौघींचं उत्तर एकच. पाय घसरला.

लिहून लिहून माझा हात दुखला. पाय घसरला म्हणजे काय? पाणी होतं? तेल होतं? साबण होता? "न्हाई ओ ताई, घसरला बस." म्हणजे फरशीला लहर आली म्हणून!

मी मंजुषा. तीस वर्षं नर्स आहे, त्यातली शेवटची सहा देवणीच्या रस्त्यावरच्या या वृद्धाश्रमात मुख्य नर्स म्हणून. वय सत्तावन्न. दिवसभर माझ्या नावानं इतक्या हाका येतात की उत्तर तोंडातच बसलंय. कोणी "मंजुषाताई!" म्हणून ओरडलं की मी जिथे असेन तिथून ओरडते, "इथंच आहे, मेले नाही अजून!" नवीन बायका दचकतात, जुन्या हसतात.

एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. गेल्या वर्षी लातूरच्या डॉक्टरांनी माझ्या हाडांचा फोटो बघून तोंड वाकडं केलं होतं. "सिस्टर, एकदा पडलात तर खुबा गेला समजा. आणि खुबा गेला की खाट." खाट म्हणजे काय ते मला कोणी सांगायला नको. हॉलमध्ये सहा खाटा आहेत, त्यांवरच्या बायकांची कूस मी रोज बदलते. माझं मागणं एवढंच होतं, की सकाळी या हॉलमध्ये आपल्या पायांनी यावं आणि संध्याकाळी आपल्या पायांनी घरी जावं. म्हणून तो बोळ मला स्वतःसाठीही नको झाला होता.

२

आमचे व्यवस्थापक ईश्वरप्पा. भला माणूस, पण प्रत्येक दुखण्यावर काहीतरी विकत आणणारा. बोळाच्या भिंतीला धरायला लोखंडी दांडा बसवा म्हणून मी वर्षभर मागे लागले होते, तो काही बसला नाही. तिथे धरण्यासारखी वस्तू म्हणजे टॉवेल अडकवायची एक जुनी खुंटी.

"फरशी वली असंल, सिस्टर," ईश्वरप्पा म्हणाले आणि त्यांनी रबरी चटया आणल्या. फरशी पुसणारा केरबा, साठीचा माणूस, पहिल्याच दिवशी चटईच्या कडेला अडखळला आणि बादलीसकट आडवा होता होता वाचला. चटया गच्चीवर गेल्या. मग 'सावधान, ओली फरशी' असा पिवळा फलक आणला. बायकांनी त्यावर आपले निळे गणवेश वाळत घातले.

मग आले घट्ट तळाचे बूट. नऊ जोड. हे मात्र मला पटलं होतं. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर नऊच्या नऊ जोड हॉलच्या उंबऱ्याबाहेर ओळीनं मांडलेले आणि बायका आत अनवाणी! कारण काय, तर चार नंबरच्या खाटेवरच्या गौरम्मा रोज सकाळी खाटेवर बसूनच लिंगपूजा करतात.

"पूजेच्या खोलीत पायताण घालून कसं जावं, ताई?" सिंधू म्हणाली. सिंधू चाकूरकडची, आमच्यातली सगळ्यात धडधाकट बाई, एकटीनं माणूस उचलणारी.

"अगं, पूजा सकाळी सातला होते. तू दुपारी तीनला जातेस!"

"खोली तर तीच हाय न्हं का."

मी कपाळाला हात लावला आणि केरबाला सांगितलं, दुपारी फरशी पुसायचीच नाही. पुसायची ती पहाटे. न राहो पाणी, न घसरो पाय.

एकोणतीस तारखेला, दुपारी तीन वाजता, सिंधू पडली. त्या कोरड्या फरशीवर.

मी हॉलमध्येच होते, धप्प आवाज ऐकून चार पावलांत पोहोचले. आधी तिला बघायचं सोडून मी शहाबादी फरशीवर हात फिरवला. तळव्याला धूळ लागली. मग तिच्याकडे पाहिलं. कोपरं सोललेली, माकडहाडावर आपटलेली, आणि दोन्ही हात पुढे. तळवे वर, बोटं पसरलेली. तिचं तिलाही भान नव्हतं, हात तसेच राहिले होते.

घसरणारं माणूस हात मागे टाकतं, नाहीतर भिंतीला धरतं. ही हाताची ठेवण मला चांगली माहीत होती, कारण ती मीच शिकवलेली. म्हातारं माणूस पडायला लागलं की बगलांखाली हात घालून त्याला आपल्या मांडीवर घ्यायचं आणि हळूच टेकवायचं.

"कोणाला धरत होतीस?" मी विचारलं.

"पाय घसरला, ताई," सिंधू म्हणाली आणि रडायला लागली.

३

मनगट मोडून घरी बसलेल्या शिल्पाकडे मी दुसऱ्या दिवशी उदगीरला गेले. ती पहिली पडलेली. लहानखुरी, घाबरट पोरगी, पण खोटं फार वेळ बोलता येत नाही तिला. चहा प्यायले आणि सरळ विचारलं.

तिनं दाराकडे बघितलं. "गौरम्मा पडत हुत्या."

"गौरम्मा दोन वर्षांत खाटेवरून उतरल्या नाहीत."

"मला काय ठाव न्हाई का ते? पर बोळात हुत्या. पाठीवर पडत चालल्या हुत्या. मी धराया धावले अन् हातात कायीच आलं न्हाई. मंग मीच पडले."

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू? म्हातारी पडली म्हणलं तर ईश्वरप्पा कामावरून काढत्याल. अन् उठून बघते तर ती खाटंवर भात खाऊन राहिली!" प्लास्टरमधल्या हातानं तिनं डोळे पुसले. मग म्हणाली, "ताई, माणूस पडतं तर पडतं. एका झटक्यात. ती लई वेळ पडत हुती. पडतच हुती."

परत येऊन मी सिंधूला आणि बाकीच्या दोघींना वेगवेगळं विचारलं. तेच. चौघींनी गौरम्मांना पडताना पाहिलं होतं आणि चौघींनी एकमेकींनाही सांगितलं नव्हतं. मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगते, आधी राग आला. महिनाभर मी चटया आणि बूट करत बसले आणि या बायांनी तोंडाला कुलूप घातलेलं!

रात्रपाळ्या, एप्रिलच्या तोंडावरचं ऊन, जेवणानंतरची गुंगी, असं सगळं मी स्वतःला समजावलं. सवयही असतेच. एसटीनं ब्रेक मारला की माझेसुद्धा हात शेजारच्या अनोळखी बाईला धरायला जातात. रिकाम्या जागेकडेही जात असतील. हात आधी धावतात, डोकं मागून येतं. तेव्हा हातांनाच थांबवायला हवं, असं मी ठरवलं.

४

नियम मी केला. दुसऱ्या कोणाचं नाव घेणार नाही.

बोळात कोणी पडताना दिसलं तर धावायचं नाही. हात पाठीमागे बांधायचे. आधी त्या माणसाच्या नावानं हाक मारायची, "कुठं हाव?" म्हणून. उत्तर खाटेवरून आलं की बोळात जे दिसतंय ते नाहीच, पाठ फिरवायची. उत्तर आलं नाही तरच हात द्यायचा.

ईश्वरप्पांना नियम इतका आवडला की त्यांनी मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर लावला: 'आधी हाक, मग हात.' कशासाठी आहे ते त्यांनी विचारलं नाही.

सगळ्यात खूश झाल्या गौरम्मा. दोन वर्षांत त्यांना कोणी काम दिलं नव्हतं. बोळातून "गौरम्मा, कुठं हाव?" आलं की त्या मान उचलून ठणकावायच्या, "इथंच हाय, कुठं जातेय!" आणि मग शेजारच्या खाटेकडे बघून हसायच्या. दिवसातून दोन-तीनदा हाक यायची. म्हणजे बायकांना ते दिवसातून दोन-तीनदा दिसत होतं, पण या हिशोबाकडे मी लक्ष दिलं नाही. बारा दिवस कोणीच पडलं नाही. वहीचं पान कोरं राहिलं आणि मी जरा ताठ मानेनं चालायला लागले.

फक्त केरबा कुरकुरत होता. "ताई, त्या बोळात नाव घिऊन हाका मारू नका."

"का? बोळाचे कान फाटतात?"

"आपुन हाका मारून मारून त्याला शिकवून राहिलो." तो पोछा पिळत म्हणाला. "आधी त्याला फकस्त पडता येत हुतं."

"कोणाला, केरबा?"

"मला काय ठाव कुनाला," तो म्हणाला आणि बादली घेऊन निघून गेला. माणसं अर्धवट बोलून निघून जातात याचा मला भयंकर वैताग येतो.

५

दहा एप्रिलला दुपारी साडेतीनला मी धुतलेल्या चादरी मोजायला न्हाणीकडे निघाले. हॉलमध्ये सगळ्या बायका डुलक्या घेत होत्या. बोळाच्या टोकाला उंचावर एक झरोका आहे, तेवढाच उजेड.

बोळाच्या मध्यावर एक बाई पडत होती.

पडत होती म्हणजे पाठीमागे कलली होती. इतकी, की त्या कलात कोणी उभं राहू शकत नाही. एक हात वर, खुंटीला. दुसरा माझ्याकडे पुढे आलेला, रिकामा. तोंड सावलीत. ती खाली येत नव्हती आणि सरळही होत नव्हती. शिल्पाचं बोलणं मला आठवलं आणि त्याच वेळी माझी स्वतःची बोटं मला समोर दिसली. हात पुढे गेले होते, माझ्या नकळत.

मी ते ओढून मागे घेतले. एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं आणि ओरडले, "गौरम्मा, कुठं आहात?"

"इथंच हाय, कुठं जातेय!" हॉलमधून ताबडतोब उत्तर आलं.

मी त्या आवाजाकडे वळून बघितलं. परत बोळात पाहिलं तर खुंटीवर टॉवेल होता. फिकट निळा टॉवेल. बस, टॉवेलच असणार. गौरम्मा तर कायम हिरवं इरकल नेसायच्या आणि मला दिसलं ते फिकट निळं होतं.

तशीच हॉलमध्ये गेले, म्हातारीला शाबासकी द्यावी म्हणून. गौरम्मा भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. खांद्याला हात लावला. खांदा गार होता आणि मान वळत नव्हती.

चार वाजता डॉक्टर आले. त्यांनी जबडा बघितला, बोटं बघितली. "जेवणानंतर लगेच गेल्यात. तीन तास तरी झालेत, सिस्टर. कोणाला कळलं नाही?"

सिंधूनं माझ्याकडे पाहिलं. तिनंही अडीचला हाक मारली होती आणि तिलाही उत्तर मिळालं होतं. मी डोळ्यांनीच तिला गप्प केलं. डॉक्टरांसमोर काय सांगायचं होतं?

संध्याकाळी गौरम्मांचे भाचे आले. आमच्या लिंगायतांत नेतात तसं त्यांना बसवून, गळ्यात हार घालून नेलं. चार नंबरची खाट रिकामी झाली. तिच्या बाजूनं जाताना मी नजर दुसरीकडे ठेवायची.

६

त्याच दिवशी नियम मोडून टाकायला हवा होता. मला कळत होतं. तरी मी तो मोडला नाही, आणि याचा दोष फरशीला देता येत नाही.

मनाला मी सांगितलं, गौरम्मा गेल्या, आता दिसणार कोण? प्रश्नच मिटला. शिवाय विश्वस्तांची पाहणी झाली होती, भिंतीवरच्या पाटीचं कौतुक झालं होतं. माझा नियम होता तो. तीस वर्षांत माझं काहीतरी पहिल्यांदाच कोणी छापलं होतं. कोणी पडत नाही म्हणून ईश्वरप्पांनी दुपारचं पुसणंही पुन्हा सुरू करायला लावलं, त्याला मी हो म्हटलं.

"काढा की ती पाटी," केरबा म्हणाला.

"पाटी काय चावते?" मी म्हणाले.

७

अठरा एप्रिल. दुपारचे तीन. केरबानं नुकतंच पुसलं होतं. सिंधू माझ्या पुढे चालली होती, चार फुटांवर, दोन्ही हात मोकळे. मी तिला काहीतरी रागावत होते, उशीच्या अभ्र्यांवरून असावं. आणि माझी डावी टाच निसटली.

खरी निसटली. पाणी होतं. मी पाठीवर चालले होते तेवढ्यात उजव्या हाताला खुंटी लागली आणि मी ती पकडली. तशीच लटकले. पाय पुढे, कंबर मागे, दुसरा हात सिंधूकडे. गणवेशाची निळी साडी पायांत अडकली होती. मला सरळ होता येत नव्हतं आणि खुंटी भिंतीतून हळूहळू सुटत होती, तिची वाळू माझ्या तोंडावर पडत होती. तोंडातून शब्द फुटेना.

सिंधू वळली. तिचे हात झटकन पुढे आले, बोटं माझ्या बगलांपासून वीतभर अंतरावर. माझ्या जिवात जीव आला.

मग ती थांबली. चांगली बाई, शिकवलेलं विसरली नाही. तिनं हात पाठीमागे घेतले आणि माझ्या तोंडाकडे न बघता, डोक्यावरून हॉलकडे बघत ओरडली, "मंजुषाताई, कुठं हाव?"

माझ्या ऑफिसमधून, हॉलच्या पलीकडून, माझ्याच वैतागलेल्या आवाजात उत्तर आलं.

"इथंच आहे, मेले नाही अजून!"

सिंधूचा चेहरा सैल झाला. "बरं ताई," ती हॉलच्या दिशेनं म्हणाली. आणि तिनं माझ्याकडे पाठ फिरवली.

८

डावा खुबा. लातूरला ऑपरेशन करून आत धातूची पट्टी बसवली, पण हाड धरत नाही म्हणतात. माझी मुलगी तनुजा हैदराबादला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ईश्वरप्पा म्हणाले, सिस्टर, तुम्हाला इथं परकं कोण हाय? त्यांना वाटतं त्यांनी फार मोठं मन दाखवलं. मी चार नंबरच्या खाटेवर आहे.

सिंधू पहिले आठ दिवस माझ्यासमोर उभी राहू शकत नव्हती. "तुम्ही हापिसातून बोललाव, ताई. म्या सोता ऐकलं." मग एक दिवस डोळे पुसून म्हणाली, "आता तुमच्या आवाजावर जाणार न्हाई म्या. एकदा फसले, बास."

नियम बंद करा म्हणून मी रोज सांगते. ईश्वरप्पा म्हणतात, तुम्ही दुखण्यानं कंटाळला हाव. पाटी तशीच आहे, आता तिला चौकट पण केली आहे. भिंतीला दांडा मात्र अजून नाही.

काल शिल्पा कामावर परत आली. प्लास्टर निघालेलं, मनगट काडीसारखं झालेलं. माझे पाय दाबून दिले पोरीनं, माझ्याच गळ्यात पडून रडली, आणि पावणेतीनला चादरी आणायला न्हाणीकडे गेली. केरबाची बादली बोळात वाजत होती.

थोड्या वेळानं सिंधूचा आवाज आला. "शिल्पे, कुठं हायस?"

"हितंच हाय की!" शिल्पाचाच आवाज, थोडा घाबरट. तो माझ्या उजवीकडून आला, हातभर अंतरावरून. पाच नंबरच्या खाटेवरून. ती सोमवारपासून रिकामी आहे, गादीसुद्धा उन्हात टाकली आहे.

मी होती नव्हती ती ताकद लावून ओरडले. "सिंधू, धर तिला! ती खरी आहे! हात दे, सिंधू!"

मग सिंधू बोलली, अगदी समजूतदारपणे, मी तिला शिकवलं होतं तशी.

"न्हाई ताई. आता न्हाई फसणार म्या."

आणि फरशीवर धप्प आवाज झाला.